गिळलेली ओळ

माझ्या थोरल्या जावेला वयाच्या बाहत्तराव्या वर्षी वाचता यायला लागलं, तेव्हा सगळ्या कॉलनीला आनंद झाला. मला झाला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा ठेवायला नको.

इंदिरानगरात आमच्या कॉलनीत एक लहानसं बुद्धविहार आहे. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी तिथे ग्रंथवाचन चालतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणारी मी. अठरा-वीस वर्षं मीच. लग्नानंतर मॅट्रिक होऊन शाळेत क्लार्क म्हणून नोकरी केलेली, आवाज खणखणीत, कितीही अवघड जोडाक्षर आलं तरी जीभ अडखळत नाही. पांढरी साडी नेसून मी समोरच्या खुर्चीवर बसले की सगळे सावरून बसत, आणि पाच-सात मिनिटांत त्यातले निम्मे पेंगायला लागत. एक निवृत्त बसड्रायव्हर तर चक्क घोरायचे. मला ते दिसत होतं. पण खुर्ची माझी होती, तेवढं मला पुरेसं होतं.

विहाराच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे. वाचनालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि सहा खुर्च्या. म्हातारी माणसं तिकडे फिरकत नसत. कुणी पुस्तक नेलंच तर नातवाच्या नावावर नेई आणि न उघडता परत आणून देई. तीन वर्षांपूर्वी हे वाचनालय एका बाईंनी हाती घेतलं. आयुष्यभर अंगणवाडीत मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात खालच्या आणि वरच्या फळ्या रिकाम्या केल्या आणि सगळी पुस्तकं कमरेच्या उंचीला आणली, म्हणजे गुडघेदुखीवाल्यांना वाकायला नको आणि खांदेदुखीवाल्यांना हात वर करायला नको. टेबलाला सुतळीनं एक भिंग बांधलं. पुस्तक परत करायची तारीख काढून टाकली. आणि यंदा त्यांची नजर माझ्या खुर्चीकडे वळली.

"ताई, तुम्ही फार छान वाचता," त्या मला म्हणाल्या. "म्हणूनच कुणी वाचत नाही."

मला वाटलं, बाई गंमत करताहेत. पण नाही. ह्या वर्षावासात त्यांनी नियमच केला. ज्याला सफाईनं वाचता येतं त्यानं ऐकायचं, आणि ज्याला येत नाही त्यानं वाचायचं. रोज एकच पान. त्या पानाची झेरॉक्स मोठी करून आणायची, एकेक अक्षर बोराएवढं, आणि प्रत्येकाच्या हातात द्यायची. वाचणारा अडला की त्यानं बोट वर करायचं, मग शेजारच्यानं फक्त तेवढा शब्द सांगायचा. बोट वर केल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही.

मला काम मिळालं शेजारी बसायचं. अडलेला शब्द सांगायचं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चेहऱ्यावर हसू ठेवून मी म्हणाले, "चांगलंच आहे की."

आता जावेबद्दल सांगते. तिला मी आक्का म्हणते. आमचं सासर चांदवडच्या बाजूच्या खेड्यात. आक्काचं सगळं आयुष्य तिथल्या कांद्याच्या शेतात गेलं. तिला मूल नाही. तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, फौजेत होते. ऐन तिशीत गेले. मागच्या काही वर्षांत आक्काचे गुडघे कामातून गेले, तेव्हा माझा मुलगा गावी जाऊन तिला आमच्याकडे घेऊन आला. तो तिला मोठी आई म्हणतो. कामावरून आला की आधी तिच्या खोलीत डोकावतो, मग माझ्या. हेही मी मोजत आले आहे. माझा स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही.

आक्का आली ती एक गाठोडं आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन. त्या ट्रंकेत काय आहे ते मला ती न उघडताही ठाऊक होतं. दिरांची पत्रं. निळी, घडीची, आंतरदेशीय. ती पत्रं आली तेव्हा आक्काला वाचून कुणी दाखवली होती? मीच.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा अठरा वर्षांची होते, नववी पास. घरातल्या बायकांत अक्षर ओळखणारी मी एकटी. माझ्या नवऱ्याला वाचता येत होतं, पण नवऱ्याचं पत्र दिराकडून वाचून घ्यायला आक्का लाजायची. त्यामुळे पोस्टमन दारात आला की माझा भाव वाढायचा. सासूबाई माझ्या हातातली कामं काढून घ्यायच्या. आक्का हात धुऊन, पदराला पुसून समोर बसायची. मी ओट्यावर बसून सावकाश घडी उलगडायची. त्या दिवशी मला शेतावर जावं लागत नसे. एरवी त्या घरात मला कोण विचारत होतं?

पण वाचताना माझ्या पोटात दुखायचं, तेही खरं. मला कुणी कधी पत्र लिहिलं नाही. माझा नवरा रोज संध्याकाळी घरी यायचा, त्याला पत्र लिहायचं कारणच नव्हतं. आणि इकडे दीर लिहायचे: इथे बर्फ पडतो, सकाळी बादलीतलं पाणी दगड होतं, तू असतीस तर तुला दाखवलं असतं. आक्का पदर तोंडावर धरून हसायची. मी तेच वाक्य कोरड्या आवाजात पुन्हा वाचायची, सरकारी नोटीस वाचावी तसं.

मग एका पत्रात त्यांनी लिहिलं, "धाकटीकडून अक्षरं शिकून घे. म्हणजे पुढचं पत्र तू स्वतः वाचशील."

मी ती ओळ वाचली. मनात. आणि डोळे खालच्या ओळीवर नेले. "बाकी सर्व ठीक आहे," असं मोठ्यानं वाचून घडी घातली.

का गिळली ती ओळ? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की राहून गेली, पुढच्या वेळी सांगू. खरं कारण मला त्याच क्षणी कळलं होतं. ती शिकली असती तर मला ओट्यावर कुणी बसवलं असतं? मी अठरा-एकोणीस वर्षांची होते, आणि पोस्टमनखेरीज त्या घरात माझं काही नव्हतं.

पुढच्या पत्रात पुन्हा तेच. "शिकतेस की नाही ते कळव." तेही गिळलं. उत्तरंही आक्का सांगायची आणि मीच लिहायची, त्यामुळे तिकडे काही कळायला वाव नव्हता. अशी चार पत्रं झाली. चौथ्यात त्यांनी लिहिलं होतं, "पुढचं पत्र तुझ्या हातचं येऊ दे. दोन ओळी का असेनात." त्या पत्राला मी आक्काच्या नावानं उत्तर लिहिलं. म्हैस व्यायली, पाऊस बरा आहे, तब्येत जपा. ते पोचायच्या आधीच त्यांची गाडी घाटातून दरीत गेली. सुट्टीवर येणार होते, ते आलेच नाहीत.

यानंतर मी ते कुणाला सांगणार होते? आणि कोणत्या तोंडानं?

तर अशी ही आक्का पहिल्या वर्षी विहारात नुसती येऊन बसायची. दुसऱ्या वर्षी बाईंनी तिला हेरलं. मी लगेच पुढे झाले. म्हटलं, घरी मी आहे की, मीच शिकवते. आणि खरंच पाटी आणली. पण तीन आठवडे मी तिला 'ग'च्या पुढे जाऊ दिलं नाही. आज डोळे दुखतील, उद्या बघू, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. मग विहारात बाईंनी विचारलं, "किती झालं?" तर आक्का सरळ म्हणाली, "हिला येळ नाय ओ. तुमीच शिकवा."

बाईंनी तिला मुळाक्षरांनी सुरुवात केलीच नाही. आधी विचारलं, "तुम्हाला कुठले शब्द वाचायचे आहेत?" आक्कानं सांगितलेले शब्द त्यांनी मोठ्या अक्षरात एकेका पुठ्ठ्यावर लिहून दिले. कांदा. गुडघा. चांदवड. म्हैस. आणि एक शब्द आक्कानं बाईंच्या कानात सांगितला. तो पुठ्ठा तिनं उशीखाली ठेवला. मी चादर बदलताना पाहिला. त्यावर दिरांचं नाव होतं.

यंदाच्या वर्षावासात आक्का पहिल्यांदा समोरच्या खुर्चीवर बसली. माझ्या खुर्चीवर. बाजूच्या स्टुलावर मी.

ती शब्दाखाली बोट धरून वाचायची. एकेक अक्षर चाचपत, दोन शब्द झाले की श्वास घेत. "दुः... दुःख... हे... सग... सगळ्यांना हाय." 'हाय' ग्रंथात नव्हतं, ते तिचं. आणि मी पाहिलं, की समोर एकही माणूस पेंगत नव्हता. प्रत्येकाचं बोट आपापल्या झेरॉक्सवर आक्काच्या बोटाबरोबर सरकत होतं. ती अडली की सगळे ओठ हलायचे, पण बोट वर झालेलं नसायचं, म्हणून शब्द तोंडातच धरून ठेवायचे. आणि ती स्वतःहून सुटली की सगळ्या हॉलमधून एक हुश्श निघायचं. ते बसड्रायव्हर, माझ्या वाचनात वीस वर्षं घोरलेले, खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना गाठलं आणि म्हणाले, "मला पण एक पान द्या. मी सातवीपर्यंत शिकलोय, पण शाळा सुटल्यापासून बसच्या बोर्डाशिवाय काही वाचलं नाही."

पंधरा दिवसांत अकरा म्हातारी माणसं नावं नोंदवून गेली. मी वीस वर्षं अस्खलित वाचून एकाला पुस्तक उघडायला लावलं नव्हतं. आक्कानं ते अडखळून करून दाखवलं. मला हेवा वाटला, अगदी जळफळाट झाला, आणि त्याहून वाईट म्हणजे ते का घडतंय हेही मला कळत होतं. मी वाचायची तेव्हा त्यांना काही करावं लागत नव्हतं. आक्का वाचायची तेव्हा ते सगळे तिला ओढून नेत होते.

पण जळफळाटाखाली दुसरं काहीतरी होतं. ती भीती होती. जी बाई ग्रंथ वाचू शकते, ती पत्रंही वाचू शकते.

आणि तसंच झालं. आश्विन पौर्णिमेला दहा दिवस उरले असताना बाईंनी जाहीर केलं, "शेवटच्या संध्याकाळी ग्रंथ संपल्यावर प्रत्येकानं घरातला एक जुना कागद आणायचा. सातबारा चालेल, लग्नपत्रिका चालेल, रेशनकार्ड चालेल. तो कागद इतकी वर्षं तुमच्या घरात आहे, पण तुम्ही तो स्वतः वाचलेला नाही. तो वाचायचा."

आक्का घरी येताना वाटेत म्हणाली, "मी ह्यांचं पत्र वाचंन."

"कुठलं?" मी विचारलं.

"शेवटचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाईंकडे गेली तेव्हा मी ट्रंक उघडली. का ते सांगायला नको. शेवटचं पत्र काढायचं, माझ्या कपाटात टाकायचं, विचारलं तर म्हणायचं, आक्का, गावीच राहिलं असेल. पत्रं वरच होती, दोऱ्यानं बांधलेली. शेवटचं त्यात होतंच. पण त्याच्या खाली एक घडी केलेला मोठा कागद होता. उघडला. बाईंनी त्या पत्राची झेरॉक्स मोठी करून दिली होती. दिरांचं अक्षर बोराएवढं झालं होतं. म्हणजे पत्र लपवून आता काही उपयोग नव्हता. शिवाय बाईंनीही ते वाचलं असेल का, हा नवा विंचू डोक्यात शिरला.

आक्काची सराव करायची एक पद्धत होती. जो शब्द वाचता आला त्याच्या खाली ती शिसपेन्सिलीनं ठिपका द्यायची. कागदावर ठिपक्यांची ओळ चालली होती. 'सौभाग्यवतीस'खाली ठिपका. 'बर्फ'खाली ठिपका. 'सुट्टी'खाली ठिपका. आणि "पुढचं पत्र तुझ्या हातचं" ह्याच्या अगदी अलीकडे ठिपके थांबले होते.

मी ट्रंक बंद केली. पुढचे आठ दिवस ती बाहेर गेली की मी तो कागद काढून ठिपके बघायची. वरच्या ओळींखाली दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ठिपके पडत होते. ती ओळ तशीच कोरी. मला वाटलं, दमली असेल. मग वाटलं, तिथे अक्षर पुसट आहे. मग वाटलं, कदाचित ती ओळ तिला कधीच लागणार नाही आणि मी सुटेन. एका दुपारी तर मी देवपूजा सोडलेली बाई असून हात जोडायच्या बेतात होते.

आश्विन पौर्णिमेला विहार भरून गेलं होतं. मुलगा कामावरून लवकर आला होता, मोठी आई वाचणार म्हणून. ग्रंथाचं शेवटचं पान बसड्रायव्हरांनी वाचलं. मग जुने कागद सुरू झाले. एका आजींनी स्वतःची लग्नपत्रिका वाचली आणि त्यात आईचं नावच छापलेलं नाही हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं. एकांनी नळजोडणीचा अर्ज वाचून सगळ्यांना हसवलं. मग आक्का उठली. काठी मला दिली, खुर्चीवर बसली, चष्मा चढवला. मी स्टुलावर.

"ह्यांचं पत्र हे," ती म्हणाली. "शेवटचं. ऐका."

तिनं वाचायला सुरुवात केली. सौभाग्यवतीस. बर्फ. पाणी दगड होतं. सगळ्या हॉलला तो बर्फ दिसत होता. हे पान त्यांच्या हातात नव्हतं, त्यामुळे तिला कुणी मदत करू शकत नव्हतं. ते पान फक्त मला दिसत होतं, कारण मी शेजारी होते. आठ दिवस मी रोज पाहिलेले ठिपके एकेक करून तिच्या बोटाखालून गेले. शेवटचा ठिपका आला. तिचं बोट थांबलं.

मी मनात म्हणाले, आक्का, खाली जा. बाकी सर्व ठीक आहे, तिथे जा.

तिनं बोट वर केलं.

नियम सगळ्यांना पाठ होता. शेजारच्यानं सांगायचं. साठ-सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. माझा मुलगा बघत होता. बाई दाराशी उभ्या होत्या. काहीही सांगता आलं असतं. पुसट आहे, लागत नाही, असं म्हटलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. मी आक्काकडे पाहिलं. ती कागदाकडे बघत नव्हती. चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती, आणि वाट बघत होती. तिला कसलीच घाई नव्हती.

"पुढचं पत्र," मी म्हणाले. माझा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "पुढचं पत्र तुझ्या हातचं येऊ दे. दोन ओळी का असेनात."

हॉलमध्ये कुणीतरी "अरे वा" म्हणालं. त्यांना त्यात एका फौजीचं प्रेम दिसलं, आणि ते खरंही होतं. आक्कानं मान हलवली, बोट खाली ठेवलं आणि शेवटची ओळ न अडखळता वाचली, "बाकी सर्व ठीक आहे." टाळ्या वाजल्या. मुलानं पुढे येऊन तिच्या पायांना हात लावला.

गर्दी पांगल्यावर मी तिला काठी दिली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही.

"मला येत हुतं ते वाचता," ती म्हणाली. "म्हयना झाला. तुझ्या तोंडून ऐकायचं ऱ्हायलं हुतं, धाकटे."

मी तिथे रडले का? नाही. मी तिला म्हटलं, "चल, पाय दुखतील." आणि आम्ही दोघी हळूहळू घरी आलो. वाटेत ती माझ्या मुलाच्या बढतीबद्दल बोलत होती. मी हो हो म्हणत होते.

त्या दिवसापासून तिनं मला त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. रागावलीही नाही, ह्याचाच मला अजून राग येतो. ती भांडली असती तर मी माझी बाजू मांडली असती. ओटा, पोस्टमन, अठरा वर्षांची पोरगी, सगळं सांगितलं असतं.

आता ती दुपारी वाचनालयातून आली की खिडकीशी बसते आणि वहीच्या कागदावर काहीतरी लिहिते. दोन ओळी. कधी कधी एका ओळीला अर्धा तास लागतो. अडली तर बोट वर करत नाही, स्वतःच खोडते आणि पुन्हा लिहिते. लिहून झालं की कागदाची पत्रासारखी घडी घालते आणि ट्रंकेत त्या निळ्या पत्रांच्या दोऱ्यात खोचते.

ती त्यांना काय लिहिते? माझ्याबद्दल लिहिते का? मला ते वाचायचं आहे, इतकं की हात शिवशिवतात. ट्रंकेला कुलूप नसतं. चादर बदलताना रोज समोर असते. मी चादर बदलते आणि खोलीबाहेर येते.